सर्दी गेली, तरी कानाचे दडे सुटेनात

दादरकर: सर्दी ओसरली, पण उजव्या कानाला दडा बसलाय. गिळलं की टिक् होतं. कोमट तेल घालू का? शनिवारी विमानानं दिल्लीला जायचंय.

परळची ताई: तेल नको! अडथळा पडद्याच्या आत आहे. नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी सुजलीय, तेल तिथे पोचतच नाही. नाक चिमटीत धरून घोट गिळा, दिवसातून चार-पाचदा. नाक दाबून फुंकायचं तर अगदी हलकं, जोरानं पडद्याला इजा होते. शेंबूड पिवळा-घट्ट असेल तर फुंकूच नका, जंतू कानाकडे ढकलले जातात.

मुलुंडकर: नाक धुवा. उकळून कोमट केलेलं २४० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा बिनआयोडिनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं पाणी थेट नको. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे नाकात घालायचे थेंब ३ ते ५ दिवसच, पुढे नाक उलट जास्त चोंदतं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विमान खाली येऊ लागण्याच्या अर्धा-एक तास आधी थेंब घाला, उतरताना झोपू नका, गिळत राहा. कान ठणकत असेल तर प्रवास पुढे ढकला.

परळची ताई: आणि ऐकू येणं अचानक कमी झालं तर दडा समजून थांबू नका. त्याच दिवशी मुंबईतल्या केईएम किंवा नायर रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा, त्यावरचे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.