मदत हवी आहे: ‘ले फेय मोर्त’ हार्मोनियमवर बसवताना

हे फ्रेंच गाणं: जोसेफ कोस्मा यांची चाल, झाक प्रेव्हेर यांचे शब्द. इंग्रजीत हेच ‘ऑटम लीव्ह्ज’. सा पांढरी 3 चा (तिसरी पांढरी पट्टी), म्हणजे पाश्चात्त्य नावाने ई मायनर.

ध्रुवपद चार तुकड्यांत एकेक पायरी उतरतं: सा रे ग ध, मग मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून नि सा रे प, मंद्र धैवतावरून ध नि सा म, शेवटी मंद्र पंचमावरून प ध नि ग. पहिल्या तीन तुकड्यांत ग, ध, नि कोमल. चौथ्यात ध आणि नि शुद्ध, ग मात्र कोमलच. तिथे चुकून कोमल नि लागला की तिथल्या बी सेव्हन कॉर्डशी (साथीला एकत्र वाजणाऱ्या स्वरांशी) टक्कर होते. सगळी हुरहुर त्या शुद्ध निषादातच आहे, तो जपायलाच हवा.

अडचण उच्चारांची. फ्रेंचमध्ये बोलताना ‘यून’ (म्हणजे ‘एक’) हा शब्द एकाच झटक्यात येतो, गाताना ‘यू-न’ असे दोन स्वर लागतात. तो शेवटचा अस्फुट ‘अ’ मराठी गळ्यात ‘आ’ होतो. त्यावर काय रियाज द्यावा?

शिवाय ध्रुवपदाआधीचा मोकळ्या लयीतला भाग, जो इंग्रजीत बहुधा गाळतात: तिथे भरगच्च कॉर्डखाली शब्द बुडतात, नुसता षड्ज धरला तर पोकळ वाटतं. साथ कशी ठेवता?