‘साँग्ज ऑफ द फ्री’: फंककडे वळण की तडजोड?

नादखुळा: इंग्लंडमधल्या लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’ या पोस्ट-पंक (पंक रॉकनंतरच्या, प्रयोगशील) बँडचा १९७९ चा ‘एंटरटेनमेंट!’ हा अल्बम ऐकून लगेच १९८२ चा ‘साँग्ज ऑफ द फ्री’ लावला, तर अँडी गिल यांची तुटक, खरखरीत गिटार मागे सरकल्याचे आणि बास व कोरस पुढे आल्याचे जाणवते. हा बदल ओघाने आला, की खपासाठी केलेली तडजोड होती?

खर्जप्रेमी: फंक, म्हणजे ठेका आणि बासवर उभे असलेले नाचरे संगीत, त्यांच्यात पहिल्यापासूनच होते; फक्त गिटारच्या ओरखड्यांखाली ते दबलेले होते. १९८१ मध्ये बासवादक डेव्ह अ‍ॅलन बाहेर पडले आणि पुढे सारा ली आल्या, तेव्हापासून बास अधिक गोलाईदार झाला, आणि निर्माते माइक हाऊलेट यांनी सगळ्याच ध्वनीला तकाकी आणली. ती तकाकी मला, खरे सांगायचे तर, जरा जास्तच वाटते.

तिरकस: याच अल्बममधले ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’ ऐका. स्त्रियांचा लाडिक कोरस, पाय थिरकवणारा ठेका, आणि त्यावर गणवेशातल्या पुरुषी रुबाबाची बोचरी टर. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धाच्या काळात बीबीसीने हे गाणे वाजवणे बंद केले. निव्वळ खपाऊ गाण्याच्या वाट्याला असे सहसा येत नाही.

खर्जप्रेमी: या गाण्यापुरते मान्य. पण १९८३ च्या ‘हार्ड’ या पुढच्या अल्बममध्ये ड्रमर ह्यूगो बर्नहॅमही नव्हते आणि गुळगुळीतपणा मात्र वाढला होता, तेव्हा तडजोडीचा आरोप करायचाच असेल तर तो तिथे करावा.