‘वैधता’ तपासायची, पण कशाची?

शहाद्याहून :
इंग्रजीतून मराठीत आणलेली एक बुद्धिमत्ता चाचणी आमच्या शाळेत पाचवीला देऊन पाहायची होती. तिच्यावरून प्रज्ञावंत मुलं ओळखता येतात का, एवढंच बघायचं होतं. संमतीपत्रात मी लिहिलं, ‘चाचणीची वैधता तपासण्यासाठी आपल्या पाल्याचे सहकार्य हवे.’ दुसऱ्या दिवशी एक वडील पोराचा जातीचा दाखला, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, अशी अख्खी फाईल घेऊन दारात! त्यांचं काय चुकलं? आमच्या नंदुरबारकडे वैधता म्हटली की जात पडताळणी समितीच डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवा.

जळगावहून :
ताई, चाचणी जे मोजायचं तेच मोजते का, यासाठी पुस्तकांत ‘सप्रमाणता’ आणि ‘यथार्थता’ दोन्ही शब्द सापडतात. सप्रमाणता मला खटकतो, कारण शेजारीच ‘प्रमाणीकरण’ बसलेलं असतं आणि विद्यार्थी दोन्हींची खिचडी करतात. प्रमाणीकरण म्हणजे सगळ्यांना सूचना सारख्या, वेळ सारखा, आणि मोठ्या गटाच्या गुणांवरून प्रमाणकं, म्हणजे तुलनेची मापं, काढणं. हे सगळं चोख करूनही चाचणी भलतंच मोजत असू शकते.
‘विश्वसनीयता’ आणखी वेगळी. समजा, मी वळणदार अक्षरावरून हुशार मुलं निवडली. पुन्हा पुन्हा निवडली तरी तीच मुलं येतील. म्हणजे पद्धत विश्वसनीय, पण यथार्थ नाही. माझं मत ‘यथार्थता’ला.

धुळ्याहून :
शब्द बदलून भागणार नाही. ‘चाचणी वैध आहे’ हे वाक्यच अर्धवट आहे. कशासाठी? कोणासाठी? बिने आणि सिमाँ या फ्रेंच जोडीची 1905 ची बुद्धिमत्ता चाचणी पॅरिसच्या शाळांत जास्तीची मदत लागणारी मुलं ओळखायला केलेली. टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1916 मध्ये तिची अमेरिकी आवृत्ती काढली आणि 1921 पासून तीच पट्टी लावून हुशार मुलं निवडली. काम बदललं की यथार्थता नव्यानं दाखवावी लागते. जात वैधतेचा कागद एकदा मिळाला की जन्मभर पुरतो, चाचणीला तशी सोय नाही.

रावेरहून :
‘कोणासाठी’वर माझे दोन शब्द. ‘कांदेबागेत कोणतं पीक असतं?’ हा प्रश्न पुण्याच्या मुलाला विचारा. तो बिचारा कांदा म्हणेल. आमच्याकडचं चौथीतलं पोरगंही केळी सांगेल. म्हणून पुण्याचा ढ ठरला का? मग सरकत्या जिन्याच्या चित्रावर अडलेलं आमचं पोर ढ कसं? नुसतं भाषांतर करून हे सुटत नाही, प्रश्नच बदलावे लागतात.

जळगावहून :
मान्य. शहाद्याकडं तर घरात भिली, पावरी, शाळेत मराठी. रेव्हनच्या 1938 च्या चाचणीत नुसत्या आकृत्या, त्यातला गाळलेला तुकडा ओळखायचा; त्यांत भाषा लागत नाही म्हणून त्या लगेच यथार्थ ठरतात, असंही नाही. कागदावरचे असले आकार ज्यानं कधी पाहिलेच नाहीत, त्याचं काय?
जाता जाता : ‘प्रज्ञावंत’ आणि ‘प्रतिभावान’ एकाच अर्थानं वापरू नका. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभा म्हणजे नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा, सतत नवं काही सुचणारी. एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांतून ती कशी सापडणार?

शहाद्याहून :
नवं संमतीपत्र असं केलं : ‘ही चाचणी आपल्या भागातल्या मुलांची विचारशक्ती खरोखर मोजते का, ते आम्ही पाहत आहोत. परीक्षा चाचणीची आहे, मुलांची नाही. कोणताही दाखला आणू नये.’
आते बरोबर शे ना?