दिवाळखोरीची प्रकरणं रखडतात, न्यायाधीश वाढवायला नकोत का?

भोसरीकर: आमचं जॉबवर्कचं बिल थकवून चाकणची एक कंपनी दिवाळखोरीत गेलीय. २०१६च्या दिवाळखोरी कायद्यात प्रकरण निकाली काढायला १८० दिवस, वर ९० ची मुदतवाढ. २०१९ पासून कोर्टकचेऱ्या धरून ३३० ची मर्यादा. अर्ज १४ दिवसांत दाखल करून घ्यायचा. इथं त्यातच वर्ष उलटलं! ही प्रकरणं चालवणाऱ्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजूर पदं देशभरात ६३, त्यातही रिकाम्या खुर्च्या. पुण्याची प्रकरणं मुंबईच्या खंडपीठांकडे. तोवर शेडला कुलूप. दोन पावसाळे बंद राहिलेल्या व्हीएमसीला (धातू कापायच्या संगणकी मशीनला) घेणारा भंगाराचा भाव सांगतो.

कोथरूडचा सीए: पदं भरा, ना नाही. पण उशीर होतो तो अपिलांमुळे. जेट एअरवेज घ्या. जून २०१९ मध्ये प्रकरण दाखल, जून २०२१ मध्ये कंपनी पुन्हा उभी करायची योजना मंजूर. पुढं बँका आणि खरेदीदार भांडत बसले, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनी मोडीत काढायला सांगितली. तिथं खालचे न्यायाधीश दुप्पट असते तरी काय फरक पडला असता? आणि साहेब, पैसे कुणाला आधी मिळणार हे ठरवणाऱ्या कलम ५३ च्या रांगेत तुम्ही बँकांच्या बरेच मागे. लवकर निकाल लागला तरी हातात चिल्लरच.

भोसरीकर: पहिली दोन वर्षं ३३० दिवसांत बसतात का, तेवढं सांगा. मी रांगेत शेवटी म्हणूनच तर घाई. मशीनचा भाव पडला की पहिली कात्री माझ्याच पैशाला.

शनिवार पेठ, वकील: नुसती डोकी मोजू नका. खंडपीठाला एक न्यायिक आणि एक तांत्रिक सदस्य लागतो. एक निवृत्त झाला की दुसऱ्याला उधारीचा जोडीदार मिळेपर्यंत तारखाच तारखा. मुदत पाच वर्षांची; त्यासाठी चालती वकिली कोण सोडेल? शिवाय विलीनीकरणं आणि भागधारकांची भांडणं याच टेबलावर. (भाऊबंदकीच्या खाजगी कंपन्या आपल्याकडे काय कमी आहेत?)

कोथरूडचा सीए: मग आधी अपिलाला चाप लावा. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील करताना कर्जदाराला साधारण निम्मी रक्कम भरावी लागते. इथं तसं काही नाही, मग कंपनीचे प्रवर्तक अपिलासाठी दिल्ली गाठणारच.

शनिवार पेठ, वकील: त्याला संसदेत दुरुस्ती हवी. सदस्य किती नेमायचे हे मात्र कंपनी कायद्याच्या कलम ४०८ नं सरकारवरच सोडलंय. भरतीला कायदा कुठे आडवा येतो?