खुस्रो हे नाव मुळात कुठले?

प्रश्न: आमच्या इमारतीतील पारशी आजोबांच्या दारावरच्या पितळी पाटीवर ‘खुशरू’ असे कोरले आहे. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांचे ‘खुस्रो’ आणि अरबी ग्रंथांतील ‘किस्रा’ ही याच नावाची रूपे आहेत का?

प्रतिसाद १: होय, एकाच नावाची. मूळ अवेस्ती (पारशी धर्मग्रंथ अवेस्ताच्या प्राचीन इराणी भाषेतील) रूप ‘हओस्रवह’, म्हणजे ज्याची कीर्ती चांगली असा. संस्कृतातील ‘सुश्रवस्’ हा त्याचा सख्खा भाऊच. ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ या शब्दांत ‘स’चा जो ‘ह’ झालेला आपण रोज ऐकतो, तोच बदल ‘सु’च्या जागी झाला, ‘श्रवस्’मधील तालव्य ‘श’चा मात्र इराणी शाखेत ‘स’ झाला आणि तो ‘स’ नावात टिकून राहिला.

प्रतिसाद २: थोडी भर घालतो. पहिला खुस्रो (इ. स. ५३१–५७९) ‘अनुशिरवान’, म्हणजे अमर आत्म्याचा, या बिरुदाने ओळखला जाई. त्याचा आणि दुसऱ्या खुस्रो परवीझचा (मृत्यू ६२८) दबदबा एवढा होता, की अरबांनी ‘किस्रा’ ही कोणत्याही सासानी सम्राटाची पदवीच मानली, जसे सीझर या रोमन नावाचे ‘कैसर’ झाले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिल्लीच्या अमीर खुस्रोंचे नावही हेच, हे आता ध्यानात आले.