खऱ्या नावानिशी शिवीगाळ करणाऱ्यांवर कुणी अभ्यास केलाय का?

बार्शीची_लेक:
नमस्कार. समाजशास्त्रात एमए करतेय. लघुप्रबंधाचा विषय आहे समाजमाध्यमांवरचं विचलित वर्तन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं. गाईड म्हणतात, ‘ओळख लपवता येते म्हणून लोक शिव्या देतात’ हेच गृहीतक ठेव, संदर्भ भरपूर मिळतील. पण मी मराठी बातम्यांखालच्या फेसबुक कमेंट वाचतेय आणि मला ते पटत नाहीये. एका महिला सरपंचाच्या बातमीखाली अतिशय गलिच्छ लिहिणाऱ्याचं प्रोफाइल उघडलं. पूर्ण नाव, गाव, नोकरी, डीपीत मांडीवर लहान लेक, सकाळीच टाकलेला पांडुरंगाचा फोटो. या माणसाने काय लपवलंय? यावर काही काम झालंय का?

निवृत्त_मास्तर:
झालंय, आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन माणसाचा संयम का सुटतो याची सहा कारणं मांडली. अनामिकता त्यातलं एकच. समोरचा दिसत नाही, त्याचं उत्तर लगेच झेलावं लागत नाही, कुणाचा धाक वाटत नाही, हेही त्यात आहे. पण उद्धृत होते ती बहुतेक अनामिकताच. इस्रायलमधल्या लापिदोत-लेफ्लर आणि बराक यांच्या २०१२च्या प्रयोगात तर नाव कळण्या-न कळण्यापेक्षा नजरेला नजर नसण्याचा परिणाम मोठा निघाला.

तुमच्या कामाचा खरा अभ्यास झुरिकचा, २०१६चा. रोस्ट, श्टाहेल आणि फ्राय यांनी एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरच्या (जिथे लोक मागण्यांसाठी ऑनलाइन सह्या गोळा करतात) पाच लाखांहून जास्त कमेंट तपासल्या. खऱ्या नावाने लिहिणारेच जास्त आक्रमक निघाले. त्यांचं स्पष्टीकरण असं, की या लोकांना आपण गैर वागणाऱ्याला ताळ्यावर आणतोय असं वाटतं. मग नाव कशाला लपवायचं? उलट आपल्या लोकांत वजन वाढतं. सरपंच बाईंना ‘जागा दाखवणं’ हे तुमच्या त्या डीपीवाल्याला कर्तव्य वाटतंय का, हे तपासा.

दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली होती. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. शिवीगाळ लक्षणीय घटल्याचं दिसत नाही, हेही निकालात होतं.

पेजवाली_ताई:
तालुक्याच्या एका पेजची मी बरीच वर्षं अॅडमिन होते. दोन गोष्टी सांगते. पहिल्या दोन-तीन कमेंट घाण आल्या की खालच्या सगळ्या तशाच येतात, म्हणून मी बातमी टाकली की पहिला अर्धा तास फोन सोडायचे नाही. आणि दुसरं, आपल्याकडे खरं नाव म्हणजे आडनाव. आधी आडनाव बघतात, मग जात काढतात, मग आई-बहिणीवर येतात. कितीतरी मुलींनी आडनाव काढून टाकलं, डीपीला फूल लावलं. खऱ्या नावाची सक्ती करा म्हणणाऱ्यांना हे दिसतच नाही, याचा मला फार राग येतो.

निवृत्त_मास्तर:
ताईंचं पहिलं निरीक्षण प्रयोगातही उतरलंय. अमेरिकेत चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये काहींना सोपी, काहींना मूड बिघडेल अशी अवघड चाचणी दिली, मग एका बातमीवर लिहायला सांगितलं. मूड चांगला आणि वरच्या कमेंट साध्या, तेव्हा ३५ टक्के कमेंट ट्रोलिंगच्या. मूड बिघडलेला आणि वर घाण असेल तेव्हा ६८ टक्के. माणसं साधीच होती. आडनावाचं मात्र या परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल, आणि प्रबंधाचा जीव तिथेच आहे.

बार्शीची_लेक:
ताई, मास्तर, मनापासून आभार. आडनावाचा धागा धरतेच. नावं झाकून स्क्रीनशॉट परिशिष्टात लावले तर चालतील ना?

निवृत्त_मास्तर:
नका लावू. वाक्य जसंच्या तसं शोधलं तर माणूस सापडू शकतो, आणि शिवी खाणारी बाईसुद्धा. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती नावं काढून संशोधनासाठी खुली केली होती. अभ्यासक्रमांच्या यादीवरून ते हार्वर्ड असल्याचं लगेच ओळखलं गेलं. कमेंटचा आशय आपल्या शब्दांत लिहा, गाव-हुद्दा बदला. मूळ स्क्रीनशॉट पासवर्ड लावून ठेवा, गाईडना दाखवण्यापुरते.