भिंत तीच, वर्ग मात्र 'उच्च धोका'. पटतं का?

धागाकर्ता: पूर अडवायला बांधलेलं छोटं मातीचं धरण. बांधलं तेव्हा खाली नुसती शेतं, म्हणून वर्ग 'कमी धोका'. पुढे खाली घरं झाली. भिंतीला ना तडा, ना पाझर, तरी वर्ग थेट 'उच्च'! वर्ग बदलला की सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) मोठा करायचा खर्च आलाच. घरं बांधणारे बांधून मोकळे, भुर्दंड धरणवाल्यांना? शिवाय 'उच्च धोका' वाचून लोकांना वाटतं, भिंत उद्याच कोसळणार.

पाटकरी: घोळ त्या शब्दानेच केलाय. हा वर्ग म्हणजे भिंतीच्या तब्येतीचा दाखला नव्हे. फुटली तर खाली काय होईल, एवढंच तो सांगतो. ठणठणीत धरण उच्च वर्गात असू शकतं आणि मोडकळीला आलेलं कमी वर्गात. नाव बदला म्हणालात तर मी तुमच्या बाजूने.

काठावरचा: "छोटं" या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकेत जॉर्जियातल्या टोकोआजवळचं केली बार्न्स धरण जेमतेम 12 मीटर उंचीचं. 6 नोव्हेंबर 1977 ला पहाटेच्या आधी फुटलं, 39 जण गेले. खाली कॉलेजचा परिसर होता.

धागाकर्ता: ते बारमाही भरलेलं तळं होतं. आपण बोलतोय वर्षभर कोरड्या असणाऱ्या धरणाबद्दल.

पाटकरी: कोरडं म्हणूनच मला जास्त धास्ती. भरलेलं धरण रोज परीक्षा देतं, पाझर असला तर दिसतो. कोरड्याची परीक्षा एकदम मोठ्या पुरात, तीही बहुधा रात्री. तोवर भराव सुकून भेगाळतो, घुशी बिळं करतात, झाडांच्या मुळ्या आत शिरतात, विसर्गाच्या पाइपाच्या तोंडाशी काडीकचरा साचतो. मग पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मातीची भिंत कापली जायला वेळ लागत नाही. सगळा जीव सांडव्यात असतो तो यासाठी. कमी वर्गाला बऱ्याच ठिकाणी 100 वर्षांतल्या पुराचा हिशोब चालवून घेतात. उच्च वर्गाला तो संभाव्य कमाल पुरापर्यंत नेतात. आणि '100 वर्षांतला पूर' म्हणजे शंभर वर्षांनी येणारा नव्हे हो! दरवर्षी 1 टक्का शक्यता. घराचं कर्ज 30 वर्षांचं धरलं, तर तेवढ्या काळात सुमारे 26 टक्के.

सरळमार्गी: एवढी कटकट, तर पाडून टाका.

काठावरचा: पाडलं की आज अडतात ते मध्यम पूर थेट त्याच घरांत.

धागाकर्ता: बरं, धोका मान्य. पण पैसे? भिंत फुटली तर पाणी कुठवर जाईल, हा नकाशा बांधकाम परवानगीच्या टेबलावर का नव्हता? ज्यांनी परवानगी दिली, त्यांच्याकडून वसूल करा.

पाटकरी: करा की. पण तोवर पाऊस थांबणार आहे का? आधी सांडवा, भांडण नंतर.

धागाकर्ता: सांडवा झाल्यावर कोण भांडतंय? बिल आम्हीच भरलेलं असतं.